दिवसभराची जिओकॅशिंग सफर: नाशिक–त्र्यंबक–घोटी फेरीची तयारी

दिवसभरात जिओकॅशिंगचे बारा लपवलेले डबे शोधायचे असं ठरवून आम्ही पहिल्यांदा बाहेर पडलो, तेव्हा अकरा जण होतो आणि दोन गाड्या होत्या. अंधार पडल्यावर घरी पोचलो तेव्हा चारच डबे सापडले होते. दोन फोन बंद पडले होते. मागच्या गाडीतली मंडळी पाऊण तास भलत्याच फाट्यावर आमची वाट बघत उभी होती, आणि सोबतच्या काकूंना दुपारचं जेवण साडेतीन वाजता मिळालं होतं. आम्ही डब्यांची संख्या आधी ठरवली होती आणि दिवस किती मोठा आहे हे मोजायचं राहूनच गेलं होतं. आता मी कोणतीही सफर आखताना आधी दिवस मोजतो. पुढचं सगळं त्यानंतर येतं.

या खेळाशी नवीन असलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेने २ मे २००० रोजी जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. तोवर शंभरेक मीटरपर्यंत चुकणारं जीपीएस त्यानंतर बरंच नेमकं दाखवू लागलं. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात एक बादली ठेवली, तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले आणि लोकांना ती शोधायला सांगितलं. खेळ आजही तोच आहे. कोणीतरी डबा लपवतो आणि त्याचे आकडे जाहीर करतो. तुम्ही तो शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथे, होता तसाच ठेवायचा. आतली एखादी वस्तू घेतलीत तर तितक्याच किंवा त्याहून जास्त मोलाची दुसरी ठेवायची.

खेळाडू त्याला ‘कॅश’ म्हणतात. आपल्याकडे हा शब्द रस्त्यात मोठ्याने उच्चारू नका. ‘इथेच कुठेतरी कॅश लपवलीय’ असं कोणी ओरडलं की पाच मिनिटांत निम्मी वस्ती गोळा होते, आणि त्यांचं काही चुकत नाही. आम्ही सरळ ‘डबा’ म्हणतो.

आधी दिवस मोजा

नाशिक–त्र्यंबक–पहिने–घोटी आणि मुंबई-आग्रा महामार्गाने परत नाशिक, ही फेरी शंभर किलोमीटरच्या आसपास भरते. नकाशावर हे दोन-अडीच तासांचं काम वाटतं. पण दहा जण चढ-उतार करणार, गाड्या लावायला जागा शोधणार, कोणाला चहा लागणार. त्यामुळे प्रवासाचे साडेतीन तास धराच. सकाळी साडेसहाला निघून संध्याकाळी पाचला परत यायचं म्हणजे हातात साडेदहा तास. त्यातून प्रवास गेला, नाश्ता-जेवणाचे पावणेदोन तास गेले. उरले सव्वापाच तास. गटाने एक डबा शोधायला, वही लिहायला आणि फोटो काढून पुन्हा गाडीत बसायला सरासरी चाळीस मिनिटं लागतात. हिशेबाने सात डबे होतात. पण तास-दीड तास राखीव ठेवलाच पाहिजे, म्हणून ठिकाणं पाच. आणखी दोन ठिकाणं ‘जमली तर’ म्हणून बाजूला लिहून ठेवा आणि न जमल्यास त्यांचं दुःख करू नका.

गटाचा वेग गटातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाचा असतो. सोबत सत्तरीचे आजोबा किंवा चार वर्षांचं पोर असेल तर आखणी त्यांच्या पायाने करा. प्रत्येक डब्याला शोधण्याची अवघडता आणि वाटेची अवघडता असे दोन आकडे दिलेले असतात, दोन्ही १ ते ५. मिश्र गटासाठी वाटेचा आकडा दोनच्या वर जाऊ देऊ नका. शोधण्याचा आकडा तीन असला तरी चालेल. उलट एखादा डबा चिवट निघाला तर लहान मुलं डोळ्यांत तेल घालून शोधतात, मोठी माणसं तेवढ्यात बसून दम खातात.

डबे कोणाचे शोधायचे?

जिओकॅशिंगचं अधिकृत अॅप उघडून नाशिकचा नकाशा बघा. युरोपातल्या एखाद्या शहरावर ठिपक्यांची जशी गर्दी असते, तशी आपल्याकडे नाही. असलेल्या प्रत्येक डब्यावर शेवटची नोंद कधी पडली ते वाचा. लागोपाठ तीन जणांनी ‘सापडला नाही’ लिहिलं असेल तर गटाला घेऊन तिथे जाऊ नका, एकट्याने कधीतरी जाऊन बघा. काही प्रकारांत डबा नसतोच. भूरचना बघून प्रश्नांची उत्तरं डबा नोंदवणाऱ्याला कळवायची असतात. आपल्या काळ्या बेसाल्टच्या मुलखाला हा प्रकार फार शोभतो.

फक्त जाहीर डब्यांवर अवलंबून राहिलात तर दिवस बारगळू शकतो. म्हणून आम्ही निम्मे डबे स्वतः ठेवतो, त्याच दिवसापुरते, आणि संध्याकाळी मोजून परत आणतो. असे डबे अॅपवर नोंदवायचे नसतात. तिथे डबा किमान तीन महिने जागेवर राहील अशी तयारी लागते, आणि शेजारच्या डब्यापासून १६१ मीटरचं अंतर लागतं. आपला खेळ खासगी, त्यामुळे आकडे आपल्याच ग्रुपवर फिरतात.

तारीख

नवा पाऊस सुंदर असतो, पण या फेरीसाठी तो नको. दगड निसरडे असतात, कागद भिजतात, पहिन्याच्या धबधब्यांवर सुट्टीच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते, आणि कधी कधी प्रशासन धबधब्यांवर जायला बंदीही घालतं. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, हे आखणीत धरा.

त्र्यंबकचं पंचांग आधी बघा. सोमवार टाळा. श्रावणातला तिसरा सोमवार ब्रह्मगिरीच्या फेरीचा, त्या दिवशी या रस्त्यावर चारचाकी घालूच नका. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा भरते, दिंड्या चार दिवस आधीपासून वाटेवर असतात. अंजनेरीला शनिवारी मारुतीच्या दर्शनाची गर्दी असते. म्हणजे साधा रविवार उरतो. तोही नाशिककरांचा मिसळीचा दिवस, चांगल्या ठिकाणी तासभर रांग लागते. मिसळ आम्हालाही प्रिय आहे, पण या दिवशी नाश्ता घरूनच नेतो.

आकडे नीट समजून घ्या

सर्वांत जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एकाच जागेचे आकडे तीन पद्धतींनी लिहिले जातात. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं वापरतात, उदाहरणार्थ १९° ५६.०००'. हा अक्षांश त्र्यंबकच्या आसपासचा आहे. आपल्या फोनमधले नकाशे बहुधा फक्त दशांश अंश दाखवतात. मिनिटांना ६० ने भागायचं असतं. ५६ भागिले ६० म्हणजे ०.९३३३३, म्हणून तीच जागा १९.९३३३३° होते. कोणी घाईत १९.५६ असं टाकलं तर खूण चाळीस किलोमीटर दक्षिणेला, कसाऱ्याच्याही पलीकडे जाऊन पडते. आमच्या मागच्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं, फक्त चूक लहान असल्याने ती घाट न उतरता भलत्या फाट्यावर थांबली.

यावर उपाय सोपा आहे. आदल्या रात्री एकाच माणसाने सगळे आकडे एका पद्धतीत लिहायचे, दुसऱ्याने नकाशावर टाकून खूण अपेक्षित जागी पडते का ते बघायचं, आणि मगच यादी ग्रुपवर टाकायची. यादीत प्रत्येक ठिकाणापुढे गाडी कुठे लावायची त्या जागेचे आकडेही हवेत. डब्याचे आकडे टाकून गाडी चालवली की नकाशा शेतातून रस्ता दाखवतो.

मिनिटाच्या तिसऱ्या दशांशातला एक आकडा म्हणजे जमिनीवर दोन मीटरहून थोडं कमी. उघड्यावर चांगल्या फोनची चूक तीन ते पाच मीटर असते. कड्याच्या पायथ्याशी किंवा दाट झाडीत सिग्नल दगडांवर आपटून येतात आणि तीच चूक पंधरा-वीस मीटरवर जाते. म्हणून दहा मीटर उरले की फोन खिशात घालायचा. पुढचं काम डोळ्यांचं.

डोंगराच्या कुशीत रेंज जाते हे गृहीत धरा. प्रत्येक गाडीत किमान दोन फोनवर त्र्यंबक आणि इगतपुरी तालुक्यांचा नकाशा ऑफलाइन उतरवलेला हवा. यादी, खुणा आणि इशारे (डबा कुठे असेल ते सुचवणाऱ्या ओळी) यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, शिवाय एक छापील प्रत. कागदाची बॅटरी संपत नाही. अॅपमध्ये यादी ऑफलाइन उतरवण्याची सोय पैसे भरणाऱ्या सदस्यांना मिळते. गटात एकाकडे असली तरी पुरते.

परदेशातून कोणी नातेवाईक सोबत येणार असेल तर एक गोष्ट आधी सांगा. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र सरकारी परवानगीशिवाय भारतात बाळगता येत नाही. ट्रेकिंगचं म्हणून सहज पिशवीत टाकलेलं यंत्र विमानतळावर मोठी अडचण करू शकतं.

डबे तयार करणं

रविवार कारंजाच्या बाजूला प्लास्टिकच्या डब्यांची दुकानं आहेत. चारही बाजूंनी खटके असलेला, आत रबरी कडी असलेला अर्ध्या लिटरचा डबा घ्या. घरी आणल्यावर आत कोरडा टिश्यू ठेवून झाकण लावा, अर्धा तास पाण्याच्या बादलीत दाबून धरा. टिश्यू कोरडा निघाला तर डबा पास. खाऊचा जुना डबा वापरू नका. कितीही घासला तरी वास राहतो, आणि अंजनेरी-त्र्यंबकची माकडं तो तुमच्याआधी शोधतात. आत खाण्याची वस्तू कधीच ठेवायची नाही, हा या खेळाचा जगभरचा नियम आहे.

आत काय ठेवायचं? छोटी वही, चेनच्या पिशवीत घालून. पेन्सिल, कारण पेनाची शाई ओलाव्यात पसरते. औषधाच्या बाटलीतून निघणारी ओलावा शोषणारी पुडी. अदलाबदलीसाठी गोट्या, जुनी तिकिटं, लाकडी भोवरा, मुलांनी केलेले कागदी बिल्ले. आणि सर्वांत वर मराठीत लिहिलेली चिठ्ठी: ‘हा एका खेळाचा डबा आहे. आत धोकादायक काहीही नाही. आज संध्याकाळी आम्ही तो परत नेणार आहोत.’ खाली मोबाइल नंबर. झाकणावर बाहेरूनही ‘खेळाचा डबा’ असं ठळक लिहा. बेवारस डबा बघून कोणी घाबरलं आणि पोलिसांना कळवलं तर दोष ठेवणाऱ्याचा.

कुठे ठेवायचा, कुठे नाही

नाशिकमध्ये हे जास्तच जपावं लागतं. देवळालीत तोफखान्याचा मोठा परिसर आहे, आजूबाजूला गोळीबाराची मैदानं आहेत. नाशिकरोडला नोटांचा छापखाना आहे, ओझरला विमानांचा कारखाना. या परिसरांत डबा ठेवायचाही नाही, शोधायचाही नाही, अगदी फोन उंच धरून फिरायचंही नाही. बसस्थानक, रेल्वे स्टेशन, पूल आणि मंदिरांचे गाभारे वर्ज्य. त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडावर तर कधीच नको, तिथे येणारा माणूस श्रद्धेने येतो.

वनखात्याच्या जमिनीवर खणू नका, झाडाला खिळा मारू नका, दगडी बांधातला एकही दगड उपटू नका. शेतात ठेवायचा असेल तर मालकाला विचारा. द्राक्षबागेत विचारूनही शिरू नका. ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल निघेपर्यंत तिथे फवारण्या चालू असतात, आणि एका घडाला लागलेला धक्काही शेतकऱ्याचं नुकसान करतो.

आम्ही एकदा पहिन्याच्या अलीकडे रस्त्याकडेला एका घरामागच्या आंब्याखाली डबा ठेवायला गेलो. अंगणात एक आजी नाचणी पाखडत होत्या.

‘आजी, राम राम. या झाडाखाली एक डबा ठेवू का? दुपारी आमचीच पोरं येऊन शोधतील.’

‘कशाचा रं डबा?’

उघडून दाखवला. त्यांनी भोवरा हातात घेतला, फिरवून बघितला, परत ठेवला. ‘ठिव. पन त्या मुळापाशी नको, तिथं मुंगळं हायेत. हिकडं ठिव, दगडाच्या आडोशाला.’ दुपारी गट आला तेव्हा त्या ओट्यावर बसून पोरांना ‘गार… गार… आता गरम’ असं सांगत होत्या. त्या दिवशी मुलांना सर्वांत जास्त लक्षात राहिलेला डबा तोच. विचारायला दोन मिनिटं लागतात, आणि गावचा माणूस जागा आपल्याहून चांगली ओळखतो.

गाड्या आणि कामांची वाटणी

दहा जणांसाठी दोन गाड्यांपेक्षा एक टेम्पो ट्रॅव्हलर बरी. चुकामूक होत नाही, गप्पाही एकत्र होतात. दोन गाड्या न्यायच्याच असतील तर नियम एकच: प्रत्येक वळणावर पुढची गाडी मागची दिसेपर्यंत थांबेल. आदल्या दिवशी टायरची हवा, स्टेपनी, जॅक आणि पाना, पीयूसी आणि विमा बघून घ्या, फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. टाकी सातपूर सोडायच्या आत भरा.

चालक फक्त गाडी चालवेल. आकडे बघणारा वेगळा, वही-पेन्सिल सांभाळणारा वेगळा, घड्याळाकडे लक्ष ठेवणारा वेगळा. घड्याळवाल्याचा शब्द अखेरचा. त्याने ‘निघा’ म्हटलं की निघायचं, डबा हाताच्या अंतरावर वाटत असला तरी. हे काम गटातल्या भिडस्त माणसाला देऊ नका.

पिशवीत दर माणशी किमान दोन लिटर पाणी, दोन पॉवर बँक, विजेरी, जाड हातमोजे, मीटरभराची काठी, चिमटा, प्रथमोपचाराची पेटी, कचऱ्यासाठी गोणी, जुनी वर्तमानपत्रं. जेवणाला पोळ्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. घोटीत उतरून गरम काही मागवलंत तरी वेळेत बसतं.

शोधताना हात कुठे घालायचा

कुठेही नाही, आधी काठी. आपल्या डोंगरात फुरसं दगडाखाली आणि कपारीत बसतं, रंग मातीचाच, आणि वीतभर अंतरावरूनही दिसत नाही. घोणस, नाग आणि मण्यारही आहेत. कपारीत विजेरी मारून बघा, काठीने चाचपा, मगच हातमोजा घातलेला हात. मुलांना घरूनच सांगून ठेवा: डबा दिसला तर ओरडायचं, उचलायचा मोठ्यांनी. साप चावलाच तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. चावलेला भाग हलू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठायचं. वाटेवरच्या सरकारी दवाखान्यांचे नंबर यादीच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा.

कड्यावर आग्या मोहोळ लोंबताना दिसलं तर तो डबा सोडून द्या. त्याच्याखाली आवाज नको, धूर नको, अंगावर अत्तर नको.

जागेवर पोचल्यावर दहाही जण एकदम झुडपात घुसले तर गवत तुडवलं जातं आणि डबाही सापडत नाही. आधी सगळ्यांनी मिनिटभर उभं राहून नुसतं बघायचं. कोणता दगड ‘ठेवलेला’ वाटतो? कोणत्या फांदीवर धूळ नाही? मग दोघे-दोघे पुढे. ज्याला सापडेल त्याने न बोलता मागे येऊन बसायचं, म्हणजे बाकीच्यांचा आनंद टिकतो. वीस मिनिटांत नाही सापडला तर इशारा वाचायचा, तीस मिनिटांनी निघायचं. जाहीर डबा असेल तर ‘सापडला नाही’ अशी नोंद खरी लिहायची, मालकाला तिचा उपयोग होतो. लहान डब्यातली नावं लिहायची पट्टी बोटभर असते, तिथे दहा सह्या न करता गटाचं एक नाव लिहा. आणि डब्यात नंबर कोरलेला धातूचा बिल्ला सापडला तर तो अदलाबदलीचा नाही. तो प्रवासाला निघालेला असतो, घेतलात तर पुढच्या डब्यात पोचवायचाच.

शेवटचा थांबा: पांडवलेणी

महामार्गाने परतताना पांडवलेणी वाटेतच लागते. संध्याकाळी लेणी बंद होतात, म्हणून चारच्या आत पायथ्याशी पोचा. हे पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, इथे डबा ठेवायचा नाही. इथे आम्ही डोळ्यांचे प्रश्न ठेवतो. एकूण २४ लेणी आहेत, त्यांतल्या तिसऱ्या लेण्याचा व्हरांडा खांद्यावर पेलणारे यक्ष किती? त्याच लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, शिलालेख कोणत्या भिंतीवर आहे? दहाव्या लेण्यातल्या क्षत्रप राजा नहपानाच्या काळच्या लेखांतली अक्षरं आणि ही अक्षरं सारखी दिसतात का? जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी छिन्नीने नाव कोरून ठेवलं आणि आज सातवीतली पोरगी ती अक्षरं वहीत उतरवून घेते, हे बघायला मला दर वेळी थांबावंसं वाटतं. हात लावायचा नाही, खडूने घासायचं नाही, फक्त बघायचं.

खाली उतरल्यावर गाडीच्या बॉनेटवर डबे मांडा आणि यादीशी ताडून मोजा. एखादा कमी भरला तर तो आणायला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी कोणीतरी जायचंच, आणि कोण जाणार ते तिथेच ठरवा. गोणीतला कचरा शहरातल्या घंटागाडीत. जाहीर डब्यांच्या नोंदी त्याच रात्री करा, आठवडा गेला की कुठे काय दिसलं ते विसरतं. वह्या दमट झाल्या असतील तर पानांमध्ये वर्तमानपत्राचे तुकडे घालून, वर पाटा ठेवून रात्रभर दाबून ठेवा. डबे झाकण उघडं टाकून सुकवायचे.